बिनभारे मास्तर

अंबादास मास्तरांविषयी लिहायचं मी फार वर्षं टाळलं. घरात त्यांचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. जुने विद्यार्थी भेटून हसत म्हणाले, ‘‘सर, ते बिनभारे मास्तर आठवतात का?’’ की मी लगेच त्यांच्या मुलाबाळांची चौकशी सुरू करायचो. पण परवा शाळेच्या मेळाव्यात एका निवृत्त साहेबांनी माईकवर मास्तरांची नक्कल केली. सगळा मंडप हसला. मला पहिल्या रांगेत हार घालून बसवलं होतं. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र त्या साहेबांचा राग आला, मंडपाचा राग आला, आणि ज्याच्यावर रागवायचं मी इतकी वर्षं लांबणीवर टाकलं होतं त्या माणसाचाही आला. तो माणूस मीच.

नक्कल होती तेवढी खरी होती, म्हणून तिथूनच सांगतो. दोन माणसं कुठंही बोलत उभी राहिली, की अंबादास मास्तर येऊन त्यांच्या बरोबर मधोमध उभे राहत. बाजूला नाही, मधोमध. ओळख असो की नसो. आमचं गाव कापसाच्या बाजाराचं. अडतीत दोन दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत असले, की मास्तर त्या रुमालाला पोट लावून उभे. दलाल चिडून म्हणत, ‘‘मास्तर, सरका की जरा! सौदा चालू हाय.’’ मास्तर तपकिरीची चिमूट नाकात कोंबत आणि म्हणत, ‘‘आमी सरकलो तर तुमी फुटताल.’’

हे ‘फुटताल’ सगळ्या गावाला पाठ होतं. पंगतीत दोन भावकीतली माणसं एकमेकांकडे पाठ करून बसली, की मास्तर आपलं ताट उचलून त्यांच्यामध्ये नेत. बैलगाडीत बसले तर मधेच. देवळात बायका एका अंगाला आणि पुरुष दुसऱ्या अंगाला; मास्तर मधल्या मोकळ्या पट्टीत, पुजाऱ्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. पुजारी रोज त्यांच्या पायावर पाय देई आणि रोज दोघांचं भांडण होई.

ते काही गरीब गाय वगैरे नव्हते, हेही सांगून टाकतो. मेळाव्यात एकजण म्हणाले, ‘‘साधाभोळा माणूस!’’ साधाभोळा कुठला? एक नंबरचा भांडखोर. नेलेली छत्री परत करणार नाहीत. दुसऱ्याच्या वर्गावरून जाताना दारात थांबून, आत चाललेलं चूक असलं तर तिथूनच ओरडतील. आम्हा मास्तरांना नावानं कधी हाक मारली नाही, विषयानं मारायचे. ‘‘काय फारसी, जेवलात का?’’ ‘‘ओ ड्रिल, इकडं या.’’ मी गणित शिकवायचो. निजामाच्या राज्यात सगळं शिक्षण उर्दूतून, आणि गणिताला हिसाब म्हणायचे. म्हणून मी हिसाब. ‘‘ओ हिसाब, तुमची शेंडी सुटली.’’

आता त्यांचं ते भार प्रकरण.

एका उन्हाळ्यात सरकारनं आम्हा दोघांना सायन्सच्या ट्रेनिंगसाठी हैदराबादला पाठवलं. तिथं विलायतेहून नुकतेच आलेले एक तरुण प्रोफेसर होते. त्यांनी एका दुपारी फळ्यावर अणू काढला. आमच्या पाठ्यपुस्तकात अणूला ‘जौहर’ म्हणत आणि त्याच्या मधल्या गाभ्याला ‘मरकज’. पुस्तक सांगे, की या मरकजात धन भाराचे प्रोटॉन असतात आणि त्यांच्यातच काही ऋण भाराचे इलेक्ट्रॉन कोंबलेले असतात; उरलेले इलेक्ट्रॉन बाहेर फिरतात. प्रोफेसरांनी आतले इलेक्ट्रॉन हातानं पुसले. म्हणाले, हे आता जुनं झालं. आत तिसराच कण आहे. त्याला धनही भार नाही, ऋणही नाही. वजन मात्र प्रोटॉनाएवढंच, किंबहुना केसभर जास्त. नाव न्यूट्रॉन. इतके दिवस कुणाला सापडला नाही, कारण तो कुणाकडे ओढला जात नाही आणि कुणापासून दूर पळत नाही.

मी ते वहीत उतरवून घेतलं. मास्तरांनी काही लिहिलं नाही. ते पुढे झुकून फळ्याकडे असे बघत होते, जसं हरवलेलं माणूस जत्रेत दिसावं. तास संपल्यावर त्यांनी प्रोफेसरांना दारात गाठलं आणि विचारलं, ‘‘हुजूर, हा तिसरा काढून टाकला तर?’’ प्रोफेसर हसून म्हणाले, ‘‘मग मरकज टिकणं अवघड. सगळे प्रोटॉन एकाच भाराचे, ते एकमेकांना ढकलणार.’’

परतीच्या गाडीत नांदेड येईपर्यंत सगळ्या डब्याला न्यूट्रॉन ठाऊक झाला होता. एक बागवान टोपलीवर झोपला होता, त्याला उठवून सांगितला.

गावी आल्यावर मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि हे शिकवायला सुरुवात केली. मुलं मराठी, पुस्तक उर्दू, विषय इंग्रजांच्या देशातला. मग मास्तरांनी स्वतःची भाषा काढली. मी शेजारच्या वर्गातून रोज ऐकायचो.

‘‘प्रोटॉन म्हंजे सवती. कळलं का? दोघी सारख्याच. एकीला दुसरी बघवत न्हाई. एका घरात कोंबल्या तर काय व्हईल?’’

‘‘भांडणं, सर!’’

‘‘भिंत फुटंल! पण घर तर उभं दिसायलंय. का उभं हाय? तर मधी एक तिसरी हाय. ती ना हिच्या बाजूची, ना तिच्या. तिचं नाव पुस्तकात न्हाई. तिला कुणी मोजलंच न्हाई. पण ती हाय म्हनून घर हाय!’’

मुलांनी त्या तिसरीचं नाव ‘मधली’ पाडलं. हेलियमच्या घरात दोन सवती, दोन मधल्या. मोठ्या अणूंच्या घरात सवती वाढतात तशा मधल्याही वाढवाव्या लागतात, आणि त्या जरा जास्तच लागतात, कारण भांडणं वाढतात. मुलांना सगळं झटकन कळलं. मी शपथेवर सांगतो, पुढे मी तोच विषय तीस वर्षं शिकवला, पण इतका नीट कधी शिकवता आला नाही.

घोटाळा झाला तो मोठ्या माणसांचा. एका कीर्तन ऐकणाऱ्या पाटलानं शाळेत येऊन आरडाओरडा केला, ‘‘आमच्या पोराला मास्तर जौहर शिकवायलाय म्हने! रजपुतांच्या बायकांवानी आगीत उडी घ्यायला लावताल का?’’ त्याची समजूत काढता काढता ड्रिलमास्तरांना घाम फुटला. मग सदर मुदर्रिस, म्हणजे आमचे हेडमास्तर, एक दिवस अंबादास मास्तरांना म्हणाले, ‘‘तुम्ही मुलांना सांगता, त्याला भार नाही. आणि लगेच सांगता, वजन आहे. भार नाही तर वजन कुठून येणार? मुलांना गोंधळात का पाडता?’’

मास्तर टेबलावर हात आपटून म्हणाले, ‘‘हाच तर तुमचा घोळ हाय! विजेचा भार न्हाई म्हनलं, की तुमी समजता, बिनवजनाचा हाय. कुणाच्या बाजूला ओढला जात न्हाई म्हनून तो हलका झाला का? मी सांगतो, तो बिनभाराचा हाय. बि-न-भा-रा-चा. आन सगळ्यात जड हाय!’’

त्या दिवसापासून ते बिनभारे झाले. त्यांचं खरं आडनाव पिंगळीकर. पण नवीन आलेले स्टेशनमास्तर, पोस्टमन, डॉक्टर सगळे त्यांना सरळ ‘बिनभारे साहेब’ म्हणत. त्यांना ते आडनावच वाटे. मास्तरांनी कधी दुरुस्त केलं नाही. मला वाटतं, त्यांना ते आवडत होतं.

मास्तरांचं लग्न झालेलं नव्हतं. त्यांच्या घरी त्यांची थोरली बहीण होती, गोदाक्का. तिचा नवरा जिवंत होता. त्यानं दुसरी बायको केली, काही महिने दोघींना एका घरात ठेवलं, आणि मग हिला एका सकाळी माहेरच्या दारात आणून सोडलं. पुन्हा न्यायला आला नाही. काडीमोड नाही, बोलावणं नाही. आई-बाप गेल्यावर मास्तरांनी तिला आपल्याकडे आणलं. स्थळं आली तेव्हा मुलीकडचे विचारत, ‘‘बहीण कायमची इथंच का?’’ मास्तर म्हणत, ‘‘हो. पुढं बोला.’’ पुढं कुणी बोलत नसे.

अक्का उंच, सावळी, कामाला वाघ. आळीतल्या बाळंतपणांना तीच, आजारपणाला तीच, कुणाच्या घरी मयत झाली तर चूल पेटवायला तीच. फक्त सणावाराला तिचं काय करायचं ते आमच्या बायकांना कळत नसे. ती सवाष्ण, कारण नवरा आहे. पण तो नांदवत नाही. मग तिला ओटी भरायला बोलवायची की नाही? कुंकू लावायचं की नाही? विधवा असती तर सगळ्यांना नियम माहीत होता. ही कोण? हळदीकुंकवाला ती आली, की करंडा घेतलेला हात तिच्यापाशी क्षणभर अडे आणि पुढच्या बाईकडे जाई. येताना ती घरूनच कपाळावर बारीक टिकली लावून येई, म्हणजे कुणाला अवघडायला नको.

त्या संक्रांतीला हळदीकुंकू माझ्या घरी होतं. करंडा माझ्या बायकोच्या हातात होता. मी पडवीत तहसील कचेरीतल्या दोन अंमलदारांना चहा देत होतो. त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, कारण मला बढती हवी होती. तेवढ्यात मास्तर अक्काला न्यायला आले आणि दारातून त्यांना आतलं दिसलं. करंडा अडला, आणि पुढे गेला.

‘‘थांबा!’’ मास्तर ओरडले. बायकांच्या बैठकीत थेट उंबऱ्यापर्यंत गेले. ‘‘ओ वहिनी! लावायचं तर लावा. न्हाई लावायचं तर तोंडानं न्हाई म्हना. वगळता काय? माणूस बसलंय तिथं, दिसंना का तुमाला?’’

माझ्या बायकोनं करंडा खाली ठेवला आणि तोंडाला पदर लावला. अंमलदार कप खाली ठेवून माझ्याकडे बघू लागले. अक्का उठली, मास्तरांच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, ‘‘अण्णा, चल. तुला काही कळत न्हाई.’’ आणि ओढतच बाहेर घेऊन गेली.

मला काय वाटलं असेल? लाज? आपल्या घरात एका बाईला वर्षानुवर्षं वगळलं जातं याची चाड? नाही. मला वाटलं, या चक्रमानं साहेब लोकांपुढे माझं नाक कापलं. बायको आत रडत होती आणि मी तिला म्हणत होतो, ‘‘बघून घेतो त्याला.’’ हे शब्द मी बोललो होतो. लिहायला आत्ताही हात वळत नाही, पण बोललो होतो.

बघून घ्यायची संधी महिन्याभरातच चालून आली. मोहतमीम साहेब, म्हणजे जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी, तपासणीला आले. आपल्यातलेच, पण शेरवानीतले, बोलणं सगळं हैदराबादी. शाळेतल्या शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं, की साहेबांचे हैदराबादेत दोन संसार आहेत आणि त्या दोघींपायी साहेब सारखे दौऱ्यावर असतात. माहीत नव्हतं ते फक्त अंबादास मास्तरांना. गावच्या असल्या बातम्यांत त्यांना रस नसे.

साहेब मास्तरांच्या वर्गात आले. मागे हेडमास्तर, त्यांच्या मागे मी आणि फारसी. साहेबांनी पहिल्या बाकावरच्या नामदेवला उभं केलं. ‘‘बोलो मियाँ, हेलियम के मरकज में क्या क्या होता?’’

नामदेव हुशार पोरगा. ताठ उभा राहून, अख्ख्या शाळेला ऐकू जाईल असा म्हणाला, ‘‘साब, दो सौतनाँ रहते! आपस में बहोत झगडते! बीच में दो मधली रहते, इस वास्ते घर नहीं फूटता!’’

शेवटच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. शिपाई तोंडात उपरणं कोंबून बाहेर पळाला. साहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग तांबडा. ‘‘ये किसने सिखाया?’’

मास्तर अभिमानानं पुढे आले. ‘‘मैंने, हुजूर!’’ आणि त्यांनी फळ्यावर न्यूट्रॉन काढला. साहेबांच्या दोन संसारांचा त्यांना पत्ताच नव्हता, त्यामुळे सवतींचं सगळं भांडण त्यांनी पुन्हा एकदा, हातवारे करून, साग्रसंगीत समजावलं. हेडमास्तर मागून त्यांचा कोट ओढत होते.

साहेबांनी पुस्तक मागवलं. पान उघडून बोट ठेवलं. ‘‘कहाँ है आपकी मधली? यहाँ तो अंदर इलेक्ट्रॉन लिक्खा है.’’

‘‘किताब पुरानी हो गयी, हुजूर. दुरुस्त करना पडता.’’

सरकारी पुस्तक, सरकारनं मोठमोठ्या विद्वानांकडून उर्दूत करवून घेतलेलं. ते जुनं झालं असं एक मास्तर वर्गात, मुलांपुढे म्हणतो! साहेबांना सवतींचा राग आला होताच; तो तोंडानं सांगता येत नव्हता. आता त्यांना सांगता येण्याजोगा राग सापडला. ते माझ्याकडे वळले.

‘‘आप भी तो गये थे ना ट्रेनिंग को? ये कहते हैं वहाँ पढाया. आपने सुना ऐसा कुछ?’’

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मास्तर तर हसतच होते. आता हिसाब सांगतील, असा त्यांचा चेहरा. फळ्यावर हातानं पुसलेले ते इलेक्ट्रॉन मला दिसत होते. माझ्या वहीत तो कण होता. मी एक ‘जी हाँ’ म्हटलं असतं तर साहेब कुरकुरले असते, हैदराबादला विचारणा झाली असती, आणि पुस्तकच मागे पडलं आहे हे कळलं असतं. पण मला पडवीतले ते दोन अंमलदार आठवले, आत रडणारी बायको आठवली, बढती आठवली.

मी म्हणालो, ‘‘किताब में तो नहीं है, साहब.’’

बघा, किती सफाईदार. खोटं एक अक्षर नाही. पुस्तकात नव्हतंच. पण साहेबांनी काय विचारलं होतं आणि मी कशाचं उत्तर दिलं, ते वर्गातल्या नामदेवलाही कळलं. तो माझ्याकडे बघत हळूच खाली बसला.

मास्तरांचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं. मग ते साहेबांना म्हणाले, ‘‘बरोबर बोलले हिसाब. किताबात न्हाईच.’’

मास्तरांची बदली देवगाव फाट्याच्या आत एका खेड्यावर झाली. पहिली-दुसरीची शाळा, एकच मास्तर. सायन्स पुन्हा शिकवायचं नाही, असा वर शेरा. त्यांची जागा मला मिळाली, आणि बढतीही. मेळाव्यातले साहेब म्हणाले, की मास्तरांना वेडा ठरवून घरी पाठवलं. साफ खोटं. ते वेडे नव्हते, त्यांना घरी पाठवलं नव्हतं, आणि ते शिकवत होते त्यातला शब्दन् शब्द खरा होता. नकलेत ‘अणूला दोन बायका असतात’ म्हटल्यावर मंडप हसला, त्या विनोदाचा जनक कोण, तेही आज सांगून टाकतो. मास्तर बदलून गेल्यावर शिक्षकांच्या खोलीत पहिल्यांदा तो मी सांगितला. सगळे हसले, तेव्हा मला बरं वाटलं होतं. तोच विनोद पिढ्या ओलांडून माझ्याच गळ्यात हार घालायला आला.

मास्तर बदलीवर गेले त्या दिवशी अक्का कुठं गेली, ते मी कुणाला विचारलं नाही. भावाबरोबर गेली असेल, असं धरून चाललो.

मग महायुद्ध झालं, जपानवर बाँब पडला, आणि चहाच्या दुकानात बसलेली माणसंसुद्धा अणू फुटतो कसा ते एकमेकांना सांगू लागली. थोड्याच दिवसांत नवीन किताब आली. मी मरकजचं पान उघडलं. आतले इलेक्ट्रॉन गेले होते. तिथं न्यूट्रॉन होता, त्याला ‘तादीला’ असं भारदस्त उर्दू नावही दिलं होतं. मी वर्गात उभा राहून ते पान वाचलं. एका मुलानं विचारलं, ‘‘सर, हे आधी का नव्हतं?’’ मला इतका संताप आला, की मी त्या निरपराध पोराला बाकावर उभं केलं.

त्याच्या पुढच्या सुट्टीत मी किताब पिशवीत घातली आणि मोटारनं देवगाव फाट्याला उतरलो. पुढे कापसाच्या रानातून पायी गेलो. वाटेत एक वाक्य तयार केलं होतं. ते पुन्हा पुन्हा म्हणत होतो.

शाळा चावडीच्या ओसरीत भरली होती. मास्तर वाळले होते, केस गेले होते. पाढे म्हणणाऱ्या पोरांवर ओरडण्याचा आवाज तेवढा तोच. मला बघून उठले. ‘‘ओ हिसाब! इकडं कुठं वाट चुकलात?’’

‘‘मास्तर, त्या दिवशी मी साहेबांपुढे...’’

‘‘पिशवीत काय हाय? किताब? नवी?’’ त्यांनी ती माझ्या हातातून ओढलीच. ‘‘आलं का? सांगा की, आलं का?’’

‘‘आलं,’’ मी म्हणालो.

ते ओसरीच्या पायरीवर बसले आणि पान काढलं. बोट ठेवून वाचत गेले. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येईल. आलं नाही. एकदम भडकले. ‘‘हे बघा! हे बघा काय लिहिलंय! वजन प्रोटॉनाइतकंच म्हने! अहो, केसभर जास्त असतंय! प्रोफेसरांनी सांगितलं नव्हतं का? तुमी होता का न्हाई तिथं? एवढ्या वर्षांनी घेतलं, आन घेतानाबी माप कमीच घातलं! काय माणसं हायत!’’

पोरं पाढे थांबवून बघायला लागली. त्यांच्यावरही एकदा ओरडून झालं. मग ते शांत झाले आणि पानावरून हात फिरवत म्हणाले, ‘‘अक्काला सांगायला पाहिजे.’’

‘‘अक्का घरात आहेत का? मी भेटतो त्यांना.’’

‘‘ती इथं न्हाई.’’ मास्तर तपकिरीची डबी शोधू लागले. ‘‘ही चावडीची एकच खोली. रात्री पाटील बसतो, माणसं येतात जातात. बाईमाणसाला कुठं ठेवू? गंगाखेडला चुलतभावाकडं हाय. बदली झाली तेव्हापासून. मोठं घर हाय. लय मान हाय तिला तिथं.’’ हे ते माझ्याकडे न बघता म्हणाले. ‘‘मला सुट्टी मिळत न्हाई सारखी. तुमी जाताल का? तेवढं सांगा, किताबात आलं म्हनून. तिला माहीत हाय, काय ते.’’

म्हणजे मी मास्तरांची फक्त जागा घालवली नव्हती. त्या दोघांचं घरच मोडलं होतं. आणि मोडलंय हे कळायलाही मला नवी किताब यावी लागली.

मास्तरांना सांगायचं राहिलेलं ते वाक्य आता अक्काला सांगायचं, असं ठरवून मी गंगाखेडला गेलो. चुलतभावाचं घर खरंच मोठं होतं. पुढच्या ओसरीवर बसलेल्या बाईला मी विचारलं. तिनं मान न वळवता आत हाक मारली, ‘‘अगं ए, कोण आलंय बघ तुझ्याकडं. आन भाकरी करपू देऊ नको.’’ घरातल्या थोरल्या बाईला असं ‘अगं ए’. मान हाय म्हणे!

अक्का हात पुसत आली. मला ओळखलं नाही. मी म्हणालो, ‘‘मास्तरांकडून आलो. त्यांनी सांगायला सांगितलंय, ते किताबात आलं.’’

‘‘काय आलं?’’

‘‘मधली.’’

ती मोठ्यानं हसली. ‘‘आली का एकदाची? काय डोकं खाल्लं हो त्यानं माझं! जेवताना तेच, झोपताना तेच.’’ हसता हसता थांबली. ‘‘बरा हाय का? तपकीर कमी केली का?’’ मग मला नीट न्याहाळून म्हणाली, ‘‘तुमी हिसाब का?’’

मी मान हलवली.

तिनं पटकन पदर सावरला. पाट आणून मांडला, पाणी आणि गूळ आणला. ओसरीवरची बाई आता वळून बघत होती. ‘‘बसा. उभं राहू नका. अण्णानं सांगितलंय मला सगळं. साहेबापुढं समदे गप बसले म्हने, एकटे हिसाब बोलले. मास्तर खरं सांगतात, मी सोबत होतो, असं तोंडावर सांगितलं म्हने साहेबाला. म्हनून तर बदलीवर भागलं, न्हाई तर काढूनच टाकलं असतं. दर खेपंला सांगतो. म्हनतो, अक्का, सगळं गाव वाईट न्हाई, एक माणूस होता.’’

माझ्या हातात गुळाचा खडा होता. तोंडाकडे जाईना आणि खाली ठेवता येईना.

तो भांडखोर माणूस. चुकीचा आकडा दिसला तर सरकारी किताबावर ओरडणारा. त्यानं आयुष्यात एकच गोष्ट खोटी सांगितली असेल, तर ती ही; आणि ती माझ्या नावावर. परक्या घरात भाकऱ्या थापताना बहिणीला निदान एवढं तरी वाटावं, की आपल्या बाजूनं कुणीतरी बोललं होतं.

‘‘अक्का,’’ मी म्हणालो, ‘‘मला तुम्हाला एक...’’

‘‘आधी माझं ऐका,’’ ती म्हणाली, आणि आवाज खाली आणला. ‘‘लय दिवस मनात हाय. त्या संक्रांतीला अण्णा तुमच्या घरी ओरडला. वहिनी रडल्या असतील. त्यांची काय चूक? त्यान्ला तरी काय ठाऊक, माझं काय करायचं ते? तुमी मोठ्या मनाचे, तरी त्याच्या बाजूनं उभे राहिलात. वहिनीला सांगा, गोदाक्कानं माफी मागितलीय. त्याच्यासाठी आन माझ्यासाठीबी. सांगताल ना?’’

आतून भाकरी करपल्याचा वास आला. ओसरीवरून हाक आली. अक्का उठून उभी राहिली, पण उत्तर ऐकल्याशिवाय जाईना.

मी म्हणालो, ‘‘सांगतो.’’

निजामाचं राज्य गेलं त्याच सुमाराला मास्तर त्या खेड्यावर तापानं गेले. अक्का पुढे काही वर्षांनी गेली. दोन्ही वेळा मला कळलं, आणि दोन्ही वेळा मी गेलो नाही. बायकोला तिचा निरोपही कधी दिला नाही, कारण तो दिला असता तर त्याच्या मागचं सगळं सांगावं लागलं असतं. देवगाव फाट्यापासून गंगाखेडपर्यंत जे वाक्य मी म्हणत गेलो होतो, ते साधं होतं. अक्का, साहेबानं मला विचारलं होतं, आणि मला माहीत होतं.